बिल्डरची ऑफर बाजूला ठेवा, आधी गल्लीची रुंदी मोजा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. ठाण्यात पाचपाखाडीत १९८३ ची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, १६ फ्लॅट. महापालिकेची नोटीस आली म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट केलं, रिपोर्टमध्ये बिल्डिंगचा वर्ग सी-२बी आलाय. एक बिल्डर ४० टक्के जादा कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) आणि प्रत्येकी १५ लाख कॉर्पस (एकरकमी पैसे) देतो म्हणतोय आणि महिन्याच्या आत लेटर ऑफ इंटेंटवर (इरादापत्रावर) सही मागतोय. निम्मे सभासद म्हणतात घ्या, दोघं-तिघं म्हणतात क्लस्टर (अख्खा परिसर एकत्र घेऊन करायचा पुनर्विकास) येणार आहे, थांबा. वडील ७६ वर्षांचे, ते म्हणतात मला इथेच राहू दे. आणि बहीण वाशीला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये, तिच्याकडेही हाच विषय पेटलाय.

मी ठाण्यात बरीच वर्षं सोसायट्यांच्या बाजूने प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणून काम करतोय, आधी स्ट्रक्चरल रिपेअरचीच कामं करायचो. त्यामुळे जे सांगतोय ते सोसायटीच्या खुर्चीतून, बिल्डरच्या नाही.

पहिलं सी-२बी चं बोलू, कारण तुमच्या मेसेजमध्ये त्याचा सूर "आता बिल्डिंग गेलीच" असा आहे. तसं अजिबात नाही. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, आणि ही गोष्ट बिल्डरला तुमच्यापेक्षा जास्त चांगली माहीत आहे म्हणूनच त्याला महिन्यात सही हवीय. नोटीस येणंही काही विशेष नाही, ३० वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे करावंच लागतं. आणि एक लक्षात ठेवा, मध्येच कुणीतरी "दुसऱ्या इंजिनीअरकडून परत ऑडिट करू, सी-१ मिळवून देतो, म्हणजे विरोध करणारे आपोआप बाहेर पडतील" असं सुचवतं. असल्या नादाला लागू नका. सी-१ आला की कलम २६४ ची नोटीस लागते, पाणी-वीज तोडायची वेळ येते आणि बिल्डरशी बोलताना तुमच्याकडे थांबायला वेळच उरत नाही, ज्याचं घर उद्या रिकामं होणार आहे तो भाव काय करणार.

पण याचा अर्थ दुर्लक्ष करा असाही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी-केबिनला कृष्ण निवास कोसळली आणि १२ जणं गेली, ते ठाण्यात कुणी विसरलेलं नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये टेस्टची पानं शेवटी जोडलेली असतील, ती उघडून बघा. नुसते रिबाउंड हॅमरचे आकडे असतील तर तो रिपोर्ट अर्धाच. हॅमर फक्त वरच्या कातडीचं सांगतो. अल्ट्रासोनिक पल्स (काँक्रीट आतून पोकळ आहे का), हाफ सेल (सळीला गंज लागतोय का) आणि कार्बोनेशन (काँक्रीट सळीचं संरक्षण करतंय का) या तिन्ही टेस्ट झाल्यात का बघा. कार्बोनेशन टेस्ट तर तुम्ही स्वतः समोर उभं राहून बघावी अशी आहे. कॉलमचा एक कोपरा छिन्नीने ताजा फोडतात आणि त्यावर फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन फवारतात. काँक्रीट चांगलं असेल तर ते लगेच गडद गुलाबी होतं. नसेल तर तसंच राखाडी राहतं, काहीच होत नाही. सळीपर्यंत राखाडी पट्टा पोचला असेल तर सळीचं संरक्षण संपलं, आता ती गंजणार, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून वरचं काँक्रीट फुगून खपल्या पडतात. प्लास्टर करून रंग मारला की ते दोन पावसाळे झाकलं जातं, बस. ऐंशीच्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच बिल्डिंगांत खाडीची रेती नीट न धुता वापरलीय, तिच्यातल्या मिठाने सळ्या आतूनच खाल्ल्या. त्यात नहाणी-संडासाचं गळणं चाळीस वर्षांचं, आणि गच्चीवर कोब्यावर कोबा चढवून वाढवलेलं वजन. वरच्या मजल्यावरचे बीम कोरडे असून तळमजल्याच्या संडासाशेजारचेच कॉलम खराब असतील तर दुरुस्तीने दहा-बारा वर्षं निघतात. सगळ्या मजल्यांवर सळीपर्यंत कार्बोनेशन गेलं असेल तर जॅकेटिंगवर (कॉलमभोवती नवं काँक्रीटचं आवरण) पैसे घालू नका, तात्पुरते टेकू आणि गळती बंद करण्यापुरता खर्च करा आणि पुनर्विकासाच्या मागे लागा.

आता ४० टक्क्यांकडे येतो. बिल्डर उदार असतो म्हणून टक्के वाढत नाहीत. टक्के ठरतात तुमच्या समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. आता मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून महाराष्ट्रभर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली चालते, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१, पण रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर तिथेच थांबा, ना प्रीमियम एफएसआय (महापालिकेला पैसे भरून मिळणारा) ना टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क). ९ मीटर असेल तर ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर धरून २. बारा मीटरला २.२५, पंधराला २.५, असं चढत जातं. त्यावर राहत्या घरांसाठी ६० टक्के अॅन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय, तोही पैसे भरून.

तुमचा प्लॉट तुम्ही ६०० चौरस मीटर सांगितलाय, जुन्या बांधकामाचाही साधारण तेवढाच एरिया, कारण तेव्हा एक एफएसआय होता. फ्लॅटचं कार्पेट ३२५ फूट धरू. ४० टक्के वाढीने ४५५ फूट, म्हणजे १६ जणांना मिळून साधारण ६७५ चौरस मीटर कार्पेट द्यायचंय. आता ९ मीटरचा रस्ता धरला तर २ च्या हिशोबाने १२००, अॅन्सिलरी धरून १९२०, त्यातून जिना, लिफ्ट, पॅसेज, भिंती वजा केल्या की ढोबळ ६५ टक्के कार्पेट उरतं, म्हणजे १२५० च्या आसपास. सभासदांचं देऊन बिल्डरकडे ५७५ उरले. ते विकून त्याने सगळ्या बिल्डिंगचं बांधकाम, महापालिकेचे प्रीमियम, टीडीआरची खरेदी, १६ जणांचं भाडं, २ कोटी ४० लाख कॉर्पस, व्याज आणि स्वतःचा नफा काढायचाय. पाचपाखाडीच्या भावात जमू शकतं, ओढाताण होईल पण जमेल.

आणि रस्ता साडेसहा मीटरचा निघाला तर? ६०० गुणिले १.१ म्हणजे ६६०, गुणिले १.६, त्याचे ६५ टक्के, ६८५. सभासदांचे ६७५ गेले की बिल्डरकडे दहा चौरस मीटर! जेमतेम एक बेडरूम. जुन्या इमारतींसाठी नियम ७.६ मध्ये प्रोत्साहन एफएसआय आहे, जुन्या अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा घरटी १५ चौरस मीटर यातलं जे जास्त ते, तुमच्या बाबतीत १६ घरांचे २४० मीटर. तेवढा दिलासा मिळतो, पण त्यावर ४० टक्के आणि १५ लाख निघत नाहीत. म्हणून बिल्डरने ४० टक्के कुठल्या रुंदीवर धरलेत हे त्याला लेखी विचारा. नौपाडा, चरई, पाचपाखाडी इथल्या कित्येक गल्ल्या कागदावर एक आणि जागेवर वेगळ्या आहेत. शहर विकास विभागातून झोन दाखला आणि रस्त्याची रेषा काढा, कलम २१० ची रस्तारेषा ९ मीटरची आखलेली असेल तर तुमच्या कंपाउंडमधून थोडी जागा जाईल पण एफएसआयचं कुलूप उघडेल. हे काम बिल्डर येण्याआधी करायचंय, त्याच्याकडून करून घ्यायचं नाही.

मुळात ६०० मीटरचा प्लॉट हाच अडचणीचा आहे, हे कुणी स्पष्ट बोलत नाही. कागदावर एफएसआय असला तरी उंची वाढली की बाजूचं अंतर वाढतं, अग्निशमनाची गाडी फिरायला ६ मीटर सोडावे लागतात, खाली पार्किंग बसवायचं, आणि मग मधे उरतो एक उभा काडेपेटीसारखा टॉवर ज्यात प्रत्येक मजल्यावर दोनच घरं आणि तिसरं बसत नाही. पार्किंग मग पझल, स्टॅक असलं यांत्रिक. ते बिघडलं की गाडी वर अडकून बसते आणि दुरुस्तीचं बिल सगळ्यांच्या माथी. त्यामुळे माझं मत सरळ आहे: तुमच्या शेजारच्या दोन सोसायट्यांशी आत्ताच बोला. तीन प्लॉट मिळून दीड-दोन हजार मीटर झाले, त्यातला एक जरी रुंद रस्त्याला लागत असला, की सगळं गणितच बदलतं. चांगले बिल्डरही तेव्हाच येतात, छोट्या प्लॉटला मोठं नाव हात लावत नाही. हे कठीण आहे, मान्य. शेजारच्या सोसायटीचा चेअरमन आणि तुमचा चेअरमन पाण्याच्या टाकीवरून १९९६ पासून बोलत नसतील. तरी एकदा दोन्ही कमिट्यांना गच्चीवर बसवा, चहा-वडे मागवा, आणि वर लिहिलेलं गणित फळ्यावर मांडून दाखवा. आकडे बघितल्यावर भांडणं बऱ्यापैकी थंड होतात असा माझा अनुभव आहे.

क्लस्टरचं म्हणाल तर ते वेगळ्या रोगावरचं औषध आहे. ठाण्यात ४४ नागरी पुनर्निर्माण आराखडे केलेत, पहिल्या टप्प्यात किसननगर, राबोडी, कोपरी, हाजुरी, लोकमान्यनगर, टेकडी बंगला हे भाग. तिथे बहुतेक इमारती अनधिकृत, मंजूर नकाशाच नाही, म्हणजे एकेकट्या बिल्डिंगला कायदेशीर एफएसआयच मिळू शकत नाही. त्यांना अख्खा परिसर एकत्र घेऊन, रस्ते रुंद करून, चारपर्यंत एफएसआय देऊन बांधणं हाच मार्ग होता. किसननगरला जून २०२३ मध्ये भूमिपूजन झालं, काम सिडकोकडे आहे. एवढ्या मोठ्या भागात बायोमेट्रिक सर्व्हे, पात्रता, जमिनींच्या मालकांशी बोलणी, संक्रमण घरं, यातलं काहीही एका वर्षात होत नाही. तुमची बिल्डिंग अधिकृत आहे, मंजूर नकाशा आहे, ओसी (भोगवटा दाखला) आहे. मग तुम्ही त्या रांगेत उभं राहायचं कशाला? फक्त एक खात्री करा, टेकडी बंगला आराखड्याची हद्द तुमच्यापासून लांब नाही, नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर आत आहे की बाहेर ते महापालिकेत जाऊन बघा. आत असेल तर तुमचा स्वतंत्र प्रस्ताव चालेल का ते लेखी विचारा, तोंडी "होऊन जाईल साहेब" वर जाऊ नका.

कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे तुम्ही लिहिलंच नाही. प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावर सोसायटीचं नाव आहे का जुन्या मालकाचं ते बघा. जुन्या मालकाचं असेल तर मोफा कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (मालकाच्या सहीशिवाय मिळणाऱ्या हस्तांतरणाचा) अर्ज आधी टाका. नाहीतर ऐन वेळी त्या मालकाची चार मुलं पुण्यातून, बेळगावातून उगवतात आणि प्रत्येकाला वाटा हवा असतो. ज्या बिल्डरला कन्व्हेयन्सशिवाय घाई असते त्याने तो मालक आधीच गाठलेला असू शकतो.

प्रक्रियेचं फार लिहीत नाही, पुनर्विकासाबद्दलचा ४ जुलै २०१९ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा शासन निर्णय मराठीत आहे, सगळ्या सभासदांनी एकदा वाचावा. महत्त्वाचं एवढंच की विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. तुमच्यासाठी म्हणजे ११ हजर, ९ संमती. आधी सल्लागार, मग फिजिबिलिटी रिपोर्ट (प्रकल्प परवडतो का याचा अहवाल), मग टेंडर, मग निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर बिल्डरची निवड, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. हायकोर्टाने हे निर्देश मार्गदर्शक मानलेत, एखादी पायरी इकडेतिकडे झाली म्हणून सगळं रद्द होत नाही, पण म्हणून पायऱ्या गाळायच्या नाहीत, कारण उद्या कुणी कोर्टात गेलं तर त्याच फायली तुम्हाला वाचवतात. ९ संमतीवर मात्र प्रोजेक्ट सुरू करू नका. कायद्याने चालेल, माणसांनी चालणार नाही. १३-१४ येईपर्यंत दर रविवारी घरोघर जा. उरलेले एक-दोन अडून बसले तर कोर्ट सहसा बहुमताच्या आड त्यांना येऊ देत नाही.

डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमध्ये लोक टक्के आणि कॉर्पस यावरच भांडतात, आणि खरं नुकसान दुसरीकडे होतं. माझ्या ओळखीतल्या एका सोसायटीने ५० टक्क्यांची ऑफर घेतली, बिल्डिंग रिकामी केली, पाडली, आणि नंतर कळलं की बांधकामाची सीसी (काम सुरू करायचा दाखला) मिळालेलीच नाही, फक्त प्रस्ताव दाखल होता. दीड वर्ष भाडं आलं, मग चेक परत यायला लागले. त्यामुळे ही वाक्यं वकिलाकडून घट्ट करून घ्या: सीसी हातात आल्याशिवाय एकही चावी द्यायची नाही. पहिल्या वर्षाचं भाडं रोख जमा, पुढचे चेक आगाऊ, दर ११ महिन्यांनी वाढ. भाडं "काम पूर्ण होईपर्यंत" असं नाही, ओसी मिळून ताबा देईपर्यंत असं लिहायचं. बिल्डरने कर्ज काढलं तर फक्त त्याच्या विक्रीच्या फ्लॅटवर, सभासदांचे फ्लॅट आणि जमीन गहाण नाही. शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी आहे, बिल्डर म्हणेल आजकाल कुणी देत नाही, तर निदान तेवढ्या किमतीचे त्याचे विक्रीचे फ्लॅट सोसायटीकडे अडकवून ठेवा, ओसीनंतर सोडा. आणि काम सहा महिने बंद पडलं तर करार संपवून दुसरा आणायचा अधिकार. लक्षात घ्या, रेरा या बांधकाम व्यवसाय नियमन कायद्याचा आधार मुख्यतः बाहेरून फ्लॅट विकत घेणाऱ्याला आहे, तुमचा आधार हा करारच.

कार्पेटचं एक छोटं पण महाग पडणारं. तुमचं जुनं ३२५ फूट कुणी, कसं मोजलं? रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरतात. जुनं मोजताना भिंती सोडून मोजलं आणि नवीन देताना भिंती धरून दिलं तर तुमच्या ४० टक्क्यांतले काही टक्के भिंतीतच चिणले जातात. सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट लावून प्रत्येक घर मोजून घ्यावं, सभासदाची सही घ्यावी. आणि ग्रिलमध्ये, पॅसेजमध्ये वाढवलेली जागा कार्पेटमध्ये धरा म्हणून भांडू नका, नकाशात नसेल तर मिळणार नाही, त्यात सभा वाया जातात.

१५ लाख कॉर्पस ऐकायला मोठं वाटतं. नवीन टॉवरमध्ये दोन लिफ्ट, फायर पंप, जनरेटर, यांत्रिक पार्किंग आलं की आजचा हजार-बाराशेचा मेंटेनन्स सहज पाच-सहा हजारांवर जातो. १५ लाख सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला पावणेनऊ हजार येतात, म्हणजे तेवढ्यावर निवृत्त माणसाचा मेंटेनन्स निघतो. पण ज्याने त्या पैशात इंटिरिअर केलं त्याला पुढे खिशातूनच भरायचंय. वडिलांसारख्यांना हे आधीच सांगा.

वडिलांचं म्हणाल तर त्यांना समजावण्यापेक्षा त्यांच्या भीतीचं कारण विचारा. बहुतेक वेळा कारण असतं की बांधकाम होईपर्यंत मी असेन का, आणि माझं घर कुणाच्या नावावर जाईल. त्यामुळे करार व्हायच्या आत त्यांचं नॉमिनेशन सोसायटीच्या रजिस्टरला लावून घ्या, मृत्युपत्र नोंदवून ठेवा, शेअर सर्टिफिकेट शोधा. भाड्याचं घर लिफ्टवालं आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरच्या जवळचं बघा, भले थोडं महाग पडलं तरी. तीन मजले चढून आता दमायला होतं हे ते स्वतःहून कबूल करत नाहीत, पण नवीन घरात लिफ्ट आहे हा मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचतो. आणि मिळणाऱ्या भाड्याच्या कराची काळजी करू नका, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अशा स्थलांतराच्या भाड्यावर टीडीएस कापायची गरज नाही असं सांगितलंय. नवीन घराच्या वैयक्तिक करारावर परत मुद्रांक शुल्क मागण्याचा विषयही २०२३ च्या निकालाने मिटलाय, जादा जागा विकत घेतली तर मात्र तेवढ्यावर भरावं लागतं.

वाशीच्या बहिणीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे जमीन सिडकोची ६० वर्षांच्या लीजवर, म्हणजे सिडकोची एनओसी आधी. आणि सिडकोने बांधलेल्या बऱ्याच जागी सोसायटी नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहे, त्यांना ७९-अ जसाच्या तसा लागू होत नाही, संमतीचे नियम वेगळे. शिवाय विमानतळामुळे उंचीची परवानगी बघावी लागते, ऑफरमध्ये मजले दाखवलेत ते उंचीच्या दाखल्यासह आहेत का ते तिला विचारायला सांगा. प्लॉट मात्र तिथे मोठे आणि रस्ते रुंद, त्या बाबतीत ती तुमच्यापेक्षा सुखी आहे.

राहता राहिला महिन्याची मुदत देणारा बिल्डर. त्याला सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या: आपला प्रस्ताव मिळाला, सोसायटी सल्लागार नेमून फिजिबिलिटी रिपोर्टनंतर टेंडर काढणार आहे, आपणही भरावं. लेटर ऑफ इंटेंटवर सही नाही, टोकन घेणं नाही, आणि सेक्रेटरीला "जरा ऑफिसला येऊन बसा" म्हणाला तर एकट्याने जायचं नाही, तिघांनी जायचं आणि काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी मिनिट्समध्ये लिहायचं. खरा काम करणारा असेल तर टेंडर भरेलच.